हे अंशतः खरे आहे

पाच वाजून गेले होते. डबा पिशवीत घातला होता, शाल खांद्यावर घेतली होती. साडेसहाची एसटी चुकली तर पुढची साडेआठला, म्हणून घाई. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "एलएक्यू आलाय. कोणी घरी जायचं नाही."

सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. विधानसभेत कुणा आमदाराने प्रश्न विचारलेला असतो. तो मंत्रालयातून जिल्हा परिषदेत येतो, तिथून उपविभागात, आणि उत्तर 'आजच' हवं असतं. एरवी वर्षभर न सापडणारी फाइल त्या संध्याकाळी तासाभरात सापडते.

मी ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका उपविभागात लिपिक होते. जिल्हा सांगत नाही. त्या दिवसांत फॅक्सच्या कागदावरची अक्षरं दोन-चार महिन्यांत पुसट व्हायची, म्हणून आला कागद की आधी त्याची झेरॉक्स काढायची आमची पद्धत. ती काढता काढता मी प्रश्न वाचला. भाषा ठरलेलीच. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. पहिला मुद्दा, अमुक वस्तीवरील नळपाणी योजनेची टाकी दोन वर्षांपूर्वी बांधून पूर्ण झालेली असूनही वस्तीला पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय. दुसरा, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चौथा, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

मांडणीवरून गठ्ठा काढला, फडकं सोडलं. अंदाजपत्रक होतं, मोजमाप पुस्तक होतं, काम पूर्ण झाल्याचा दाखला होता, ठेकेदाराचं शेवटचं बिलही अदा झालेलं होतं. कागदावर योजना धडधाकट. मग गठ्ठ्याच्या तळाशी वीज मंडळाचं पत्र सापडलं : पंपाच्या जोडणीचं कोटेशन भरावं. त्याखाली आमचं ग्रामपंचायतीला पत्र, आपण भरावं. त्याखाली ग्रामपंचायतीचं आम्हाला पत्र, योजना अद्याप आमच्या ताब्यात आलेली नाही, आपण भरावं. अशी चार पत्रं. प्रत्येकावर आवक क्रमांक, तारीख, टिप्पणी आणि सही. दोन पत्रांच्या टिप्पण्या माझ्याच हस्ताक्षरात होत्या. कोटेशन काही हजारांचं होतं.

शाखा अभियंता त्या रात्री त्यांच्या एम-एटीवरून वस्तीवर जाऊन आले. मान्य करायला हवं, ते आधीही गेले असतील, पण रात्री आठ वाजता, टॉर्च घेऊन, नळाची तोटी फिरवून बघायला पहिल्यांदाच गेले. परत आले तेव्हा नऊ वाजले होते. म्हणाले, "टाकीखाली शेळ्या बांधल्यात. तोटीला गंज चढलाय. बाया ओढ्यातल्या झऱ्यावरून आणतात, दीड किलोमीटर तर असेलच."

साहेबांनी उत्तराचा मसुदा सांगितला, मी टाइप केला. "(१) हे अंशतः खरे आहे."

का अंशतः? टाकी बांधून पूर्ण झाली हे खरं, पाणी मिळत नाही हेही खरं. मग खोटं काय होतं? काहीच नव्हतं. पण 'हे खरे आहे' असं कुठलीही कचेरी सहसा लिहीत नाही. पुढे लिहिलं, विद्युत जोडणीची कार्यवाही प्रगतिपथावर आहे. हे लिहिलं तेव्हा ती प्रगतिपथावर नव्हती. पण असं लिहून गेल्यावर ती त्या पथावर आणणं भागच होतं, कारण उद्या सभागृहात आमदाराने उपप्रश्न विचारला, की कधी अर्ज केला, कधी पैसे भरले, तर मंत्र्यांच्या हातात तारीख द्यावी लागणार. चौथ्या दिवशी पैसे भरले गेले. संक्रांतीच्या आसपास वस्तीवर पाणी आलं. शाखा अभियंता तिकडून येताना तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आले आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून गेले.

तो प्रश्न सभागृहात पुकारला गेलाच नाही. प्रश्नोत्तराचा तास असतो एकच, यादीतले पहिले काही प्रश्न घेता घेताच तो संपतो, आणि आमचा प्रश्न यादीत फार खाली होता. उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. कुणी भाषण केलं नाही, कुठल्या पेपरात ओळ आली नाही. ज्या आमदारांनी तो विचारला त्यांना पुढे पाणी आल्याचं कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही. त्या टाकीवर नावाची पाटी आहे, पण ती भूमिपूजनाची, आणि त्यावरचं नाव त्यांचं नाही.

आमदार म्हणजे काय काम करतो, असा विषय निघाला की मला ही संध्याकाळ आठवते.

माझं माहेर सांगोला तालुक्यात. माण नदीचा काठ, आणि नदी म्हणजे वर्षातले दहा महिने वाळू. १९७२ साली मी आठ वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि मला बरोबर न्यायची, कारण तिथे सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ, मिळायची. तिची चव मला अजून आठवते, गोडसर, पिठूळ, टाळूला चिकटणारी. आईच्या तळहाताला घट्टे पडले होते आणि ती रात्री त्यावर कोमट तेल चोळायची. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त आमच्या रांगेतल्या बायका माहीत होत्या.

त्या कामांमागे एका विधिमंडळातल्या माणसाची चिकाटी होती, हेही नंतरच कळलं. वि. स. पागे, तासगावजवळच्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायचं आणि ते देणं सरकारवर बंधनकारक असायचं, हा विचार त्यांनी साठच्या दशकात मांडला आणि दुष्काळाने तो सगळ्या राज्याला पटवला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचा पैसा उभा करायला १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगारपत्रकातही ती कपात असायची, शेवटची काही वर्षं दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. बाकीच्या कपातींबद्दल मी कुरकुर केली आहे, या एकीबद्दल कधी नाही.

आणि आबासाहेब. गणपतराव देशमुखांना आमच्या तालुक्यात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. नंतर १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून ११ वेळा. मधे १९७२ला हरले, १९९५ला हरले, ते तर अवघ्या १९२ मतांनी. दोनदा मंत्री झाले. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आणि ते खरंच आहे. पण ते एसटीने जायचे एवढ्यावरच लोक थांबतात, त्याचं मला वाईट वाटतं. एसटीत बसल्याने नळाला पाणी येत नाही.

पाणी कशाने येतं, ते सांगते. नव्वदच्या दशकात आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, डॉ. भारत पाटणकर आणि दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसं. मागणी साधी वाटते, पण तेव्हा ती वेडगळ वाटायची : कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळावर आणा, आणि ते सगळ्यांना सारखं वाटा. १९९६ साली टेंभू उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली. कराडजवळ टेंभूला नदीतून पाणी उचलायचं आणि पाच टप्प्यांनी वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठे महांकाळ, आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं. तेव्हा ठरलेलं लाभक्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर. मंजुरी मिळाली म्हणजे पाणी मिळालं असं नव्हे. दर अर्थसंकल्पात तरतूद किती, पंपांचं बिल कोण भरणार, कालवा की बंद नळ, या टप्प्याला पैसे आहेत तर त्या टप्प्याला का नाहीत, हे वर्षानुवर्षं विचारत राहावं लागलं. सभागृहात विचारायचं, नाही जमलं तर रस्त्यावर बसायचं, परत येऊन पुन्हा विचारायचं. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही विचारायचं.

माणच्या पात्रात टेंभूचं पाणी सुटलं तेव्हा मी माहेरी गेले होते. भाऊ म्हणाला, चल, दाखवतो. बंधाऱ्याच्या कडेला गाव लोटलं होतं. लोक फार बोलत नव्हते. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि नदीला पाणी, हे डोळ्यांना पटतच नव्हतं. आई तेव्हा थकली होती. तिला रिक्षात बसवून आणलं. ती खाली उतरली नाही, रिक्षातूनच बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुणाचं गं हे पाणी?" मी म्हटलं, "आपलंच की, आय." ती म्हणाली, "तसं न्हवं. कुठनं आलं?" मी तिला कृष्णा सांगितली, कराड सांगितलं, पाच पंपांच्या पायऱ्या सांगितल्या. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढं चढून आलंय व्हय."

पिण्याच्या पाण्याची गोष्ट त्याच्या आधीची. आमच्याकडे 'शिरभावीचं पाणी' म्हणतात. पंढरपूरजवळ भीमेतून उचललेलं पाणी तालुक्यातल्या ऐंशीवर गावांना देणारी प्रादेशिक योजना. माझी सगळी नोकरी या विषयात गेली, म्हणून ठामपणे सांगते की प्रादेशिक योजना बांधणं सोपं आणि चालवणं महाकठीण. थकलेली पाणीपट्टी, थकलेलं वीजबिल, शेवटच्या गावाला न पोहोचणारा दाब, मधल्याच गावांनी फोडलेल्या जोडण्या. अशा कितीतरी योजना उद्घाटनानंतर दोन-तीन उन्हाळ्यांत बंद पडलेल्या मी कागदावर पाहिल्या आहेत. सांगोल्याच्या सहकारी सूतगिरण्याही तशाच, बांधणं सोपं आणि चालवणं कठीण. जिथे कापूस पिकत नाही तिथे सूतगिरणी टिकते, तेव्हा रोजच्या रोज कुणीतरी मागे उभं असतं.

आता फंडाबद्दल. कारण आमदार म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द तोच. आमदार स्थानिक विकास कार्यक्रम, बोलीत आमदार फंड. वाढत वाढत २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये झाला आहे. रक्कम मोठी वाटते. पण एका विधानसभा मतदारसंघात आज सव्वातीन-साडेतीन लाख मतदार आहेत. भागाकार केला तर मतदारामागे वर्षाला दीडशे रुपये. तेही आमदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता अभियंत्यांची, काम ठेकेदाराचं. सभामंडप, हायमास्ट दिवा, गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, स्मशानभूमीची शेड. या गोष्टी नकोत असं मी म्हणणार नाही. पावसात उघड्यावर सरण रचावं लागलेल्या गावाला त्या शेडची किंमत विचारा. पण ५ कोटींचा आमदार तेवढाच आपल्याला दिसतो, कारण त्याची पाटी असते. काही लाख कोटींच्या अर्थसंकल्पावर हात वर करून मत देणारा आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यायला लावणारा आमदार आपल्याला दिसत नाही. नळ ग्रामपंचायतीचा, टाकी जिल्हा परिषदेची, वीज कंपनीची, धरण पाटबंधाऱ्याचं, आणि यातलं काहीही थेट आमदाराच्या ताब्यात नाही. त्याच्याकडे आहे तो प्रश्न. हे चारही जण ज्या एका ठिकाणी खाली मान घालून बसतात, तिथे उभं राहून विचारायचा हक्क १२ कोटींहून अधिक लोकांच्या हातात नाही, विधानसभेतल्या २८८ जणांच्या हातात आहे.

माझ्याकडे येणारी आमदारांची पत्रंही मी वर्षानुवर्षं पाहिली. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची आमच्याकडे वेगळी नोंदवही असायची. त्यातली बहुतेक एका ओळीची : सदर अर्जदाराच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. त्यावर साहेबांचा शेरा, 'नियमानुसार कार्यवाही', आणि कार्यवाही म्हणजे अर्जदाराला एक पोच. तिथे ते संपायचं. पण काही आमदारांच्या पत्रांत गट नंबर असायचा, मंजुरीचा आदेश क्रमांक असायचा, 'आपले दिनांक अमुकचे पत्र पाहिले, त्यातील मुद्दा तीन चुकीचा आहे' असं असायचं. असं पत्र आलं की टेबलावरचं वातावरण बदलायचं. समोरच्याने कागद वाचलाय हे कळायचं. मला अशा आमदारांचा धाक वाटायचा आणि त्यांच्या मतदारांचा हेवाही.

एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

त्या पहिल्या प्रश्नानंतर पाच-सहा वर्षांनी असाच एक प्रश्न आला. दुसरी वस्ती, दुसरे आमदार. गठ्ठ्यात पूर्णत्वाचा दाखला होता, पाणी सुरू झाल्याचा पंचनामा होता, त्यावर पंचांच्या सह्या होत्या. या वेळी कुणी वस्तीवर गेलं नाही. वेळच नव्हता, साहेब नवे होते, दौऱ्याची जीप बिघडलेली होती. मसुदा झाला : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." मी टाइप केला.

पण मला माहीत होतं. त्याच्या आदल्या महिन्यात त्या वस्तीवरची एक बाई कचेरीत आली होती. पन्नाशीची असेल. तिने पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत पाणी होतं, तळाशी बोटभर गाळ. म्हणाली, "ताई, ह्ये बघा, आम्ही ह्ये पितो." मी तिला अर्ज लिहून दिला, आवक क्रमांक घातला, पोच दिली. अर्ज साहेबांच्या टपालात ठेवला. तिने बाटली परत नेली नाही. दोन-तीन दिवस ती खिडकीत होती, मग शिपायाने टाकली.

"हे खरे नाही" टाइप करताना ती बाटली मला दिसत होती. मी साहेबांना सांगू शकले असते, की तिचा अर्ज आवक नोंदीत आहे, एकदा बघा. मी बोलले नाही. आठ वाजले होते, घरी मुलगा तापाने फणफणला होता, आणि साहेबांसमोर बोलायची मला सवय नव्हती. उत्तर गेलं. विधिमंडळाच्या छापील यादीत ते आजही असेल. एका जबाबदार सभागृहाला एका वस्तीबद्दल खोटं सांगितलं गेलं, आणि ते माझ्या बोटांतून गेलं. त्या आमदारांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं, हातात तिचा अर्ज घेऊन विचारलं असतं, तर आम्हाला टॉर्च घेऊन जावं लागलं असतं. पण त्यांच्यापर्यंत तो अर्ज पोहोचलाच नव्हता.

३० जुलै २०२१ च्या रात्री आबासाहेब गेल्याची बातमी आली. भावाचा फोन होता. तो रडत होता. आमच्या घरात राजकारणावरून कुणी रडल्याचं मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मला कुठलीही सभा आठवली नाही, आईचे घट्टे पडलेले हात आठवले, आणि त्यानंतर ती बाटली.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. आता ज्या गावात राहते तिथे लोकांना कळलंय की या बाई अर्ज चांगला लिहितात. गेल्या महिन्यात जवळच्या वस्तीवरच्या चार बायका आल्या. नळ जोडलेत, मीटर बसलंय, आठ महिन्यांत सात वेळा पाणी आलंय. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आमदारांना निवेदन द्या. त्या म्हणाल्या, "ताई, चार ओळी लिहा, आम्ही सह्या करतो."

मी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्यांना बसवलं, चहा केला आणि विचारत गेले. पाणी कुठल्या तारखांना आलं? एकीच्या मुलीने शाळेच्या वहीत लिहून ठेवल्या होत्या, सातही. योजनेच्या कामाचा आदेश कुठे मिळेल? ग्रामपंचायतीतून माहितीच्या अधिकारात मागवला, तो येईपर्यंत थांबलो. पूर्णत्वाचा दाखला आला, त्यावरची तारीख बघितली. त्या तारखेनंतर तब्बल तीन महिन्यांनी नळ बसल्याचं पोरीच्या वहीत होतं. तोटीचा फोटो, टाकीचा फोटो, टँकरच्या खेपांची नोंद, टँकरवाल्याची सही. सगळ्याच्या झेरॉक्स काढून क्रमांक घातले.

मग आमदारांच्या नावे पत्र लिहिलं. फंडातून बोअर द्या असं लिहिलं नाही. येत्या अधिवेशनात आपण पुढील तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा, प्रश्न विचारावा, अशी विनंती केली, आणि खाली प्रश्नच लिहून दिला. प्रत्येक मुद्द्यापुढे सोबतच्या कागदाचा क्रमांक. पलीकडे संध्याकाळी साडेपाचला कुणीतरी लिपिक बसलेली असेल, तिची एसटी चुकत असेल, तिला 'हे खरे नाही' लिहिता येऊ नये एवढं बघितलं. 'अंशतः' लिहायलासुद्धा जागा उरू नये, म्हणून पहिला मुद्दा तीनदा खोडून पुन्हा लिहिला.

बायकांनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे उठवले. त्यातल्या मोठ्या बाईने शाई पदराला पुसत विचारलं, "ह्यात आमचं काय लिवलंय, ते वाचा की एकदा."

मी वाचून दाखवलं. चौथ्या मुद्द्यापाशी आले, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत', तेव्हा ती म्हणाली, "थांबा. ह्ये परत वाचा."